इअरबड्स घ्यायचेत? खोक्यावरचे आकडे आणि रानातला वापर आधी जुळवून बघा

बॅटरी, बटण, पाणी-धूळ, कॉलचा आवाज, हरवल्यावर शोध: रोजच्या सोयीच्या कोणत्या गोष्टी खेड्यात खरंच उपयोगी पडतात आणि कोणत्या नुसत्या खोक्यावर छान दिसतात, याची सोप्या भाषेत माहिती

दूध डेअरीच्या रांगेत, एसटी स्टँडवर, ट्रॅक्टरच्या सीटवर आता सर्रास कानात बड्स दिसतात. तालुक्याच्या गावी मोबाईलच्या दुकानात हजार-दीड हजारात जोडी मिळते, ऑनलाइन सेल लागला की त्याहून कमीत. पण दुकानात गेलं की माणूस गोंधळतो. प्रत्येक खोक्यावर जवळपास तेच लिहिलेलं असतं: ४० तास बॅटरी, ईएनसी, आयपीएक्स ४, लो लेटन्सी, टच कंट्रोल. दुकानदार एक गाणं वाजवून दाखवतो आणि गाणं तर सगळ्यांतच बरं वाजतं.

खरी अडचण महिनाभरानं कळते. ओल्या हाताने फोन उचलता येत नाही, समोरच्याला आपला आवाज जात नाही, एक बड उसाच्या सरीत पडतो तो सापडतच नाही. म्हणून गाण्याचा आवाज बाजूला ठेवून रोजच्या वापरातल्या सोयी आधी तपासाव्यात. त्या एकेक करून पाहू.

सुटे बड्स की गळ्यातला नेकबँड?

पहिला निर्णय इथेच घ्यायचा. सुटे बड्स म्हणजे दोन वेगळे तुकडे आणि त्यांची चार्जिंगची डबी. दिसायला सुटसुटीत, वायरचा त्रास नाही, आणि एकच बड कानात घालून काम करता येतं. पण वाकून काम करताना, खुरपताना, कांदा काढताना घाम आला की बड सैल होतो आणि खाली पडतो. काळ्या मातीत काळा बड शोधणं म्हणजे डोळ्यांची परीक्षाच.

नेकबँड गळ्यात अडकलेला राहतो. कानातून सुटला तरी छातीवर लोंबकळतो, हरवत नाही. त्याला डबी सांभाळावी लागत नाही, बटणं दाबायची असतात, आणि त्याच किमतीत बॅटरी बहुतेक वेळा सलग जास्त चालते. तोटा असा की चार्जिंग संपली की तो मुका. डबीत ठेवून पुन्हा भरायची सोय नाही.

दिवसभर रानात राबणाऱ्या माणसाला नेकबँड जास्त सोयीचा. दुकानात, ऑफिसात, प्रवासात किंवा घरी बसून अभ्यास करणाऱ्याला सुटे बड्स बरे.

'४० तास' म्हणजे सलग ४० तास नव्हे

खोक्यावरचा मोठा आकडा हा बड्स आणि डबी दोन्ही मिळून असतो. समजा एका बडची बॅटरी ४० एमएएच आहे. दोन्ही मिळून ८० झाली. डबीची बॅटरी ४०० एमएएच असेल तर हिशेबाने डबी बड्सना पाच वेळा भरेल. पण चार्ज होताना काही वीज वाया जाते, म्हणून प्रत्यक्षात चारच्या आसपास धरा. बड्स एका वेळी ८ तास चालत असतील तर आधीचे ८ आणि डबीतून मिळालेले ३२, असे मिळून ४० तास होतात. मधे चार वेळा बड्स डबीत ठेवावे लागतात ही गोष्ट मोठ्या अक्षरात कुणी लिहीत नाही.

म्हणून दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: "डबीत न ठेवता सलग किती चालतात?" खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात हा आकडा बहुधा असतो. तोही मध्यम आवाजावर मोजलेला असतो. आवाज मोठा ठेवला, फोनवर जास्त बोललं किंवा बाहेरचा आवाज कमी करणारी सोय चालू ठेवली की तास कमी होतात.

ज्या गावात लाईटचा भरवसा नाही तिथे डबी मोठी असण्याचा खरा फायदा आहे. 'दहा मिनिटं चार्ज, दोन तास वापर' अशी जलद चार्जिंगची सोय असेल तर लाईट जाऊन-येऊन असतानाही काम भागतं. डबीला फोनचीच टाइप-सी पिन चालते का तेही बघा, म्हणजे घरात दुसरी वायर शोधत बसायला नको.

आणखी एक गोष्ट. या बारक्या बॅटऱ्या लिथियमच्या असतात आणि उन्हाने लवकर खराब होतात. ट्रॅक्टरच्या टपावर किंवा मोटारसायकलच्या डिकीत भर उन्हात डबी ठेवू नये. बहुतेक बड्सची बॅटरी बदलून मिळत नाही, त्यामुळे ती मेली की बड मेला.

टच की बटण? ओल्या हाताचा प्रश्न

टच कंट्रोल म्हणजे बडवर बोट टेकवलं की फोन उचलला जातो, दोनदा टेकवलं की गाणं बदलतं. दुकानात हे झकास वाटतं. पण धार काढताना, ठिबकच्या नळ्या जोडताना हात ओला असतो किंवा चिखलाने भरलेला असतो. अशा वेळी टच कधी लागत नाही, तर कधी नको तेव्हा लागतो. डोक्याला टॉवेल बांधला, बायकांनी उन्हासाठी ओढणी गुंडाळली किंवा हेल्मेट घातलं की कापड घासून फोन आपोआप कट होतो.

दाबायचं बटण असलेल्या बड्समध्ये आणि नेकबँडमध्ये हा त्रास कमी. टचवालेच घ्यायचे असतील तर कंपनीच्या अ‍ॅपमधून टच बंद करता येतो का, किंवा 'एकदा टेकवणं' बंद करून 'दोनदा टेकवणं' ठेवता येतं का, ते विचारा. अ‍ॅपमध्ये ही सोय असेल तर निम्मी कटकट संपते.

ईएनसी आणि एएनसी: एका अक्षराचा फरक, कामात मोठा फरक

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. दोन्ही शब्द सारखे वाटतात, पण काम वेगळं आहे.

ईएनसी ही सोय समोरच्यासाठी असते. आपण फोनवर बोलत असताना वारा, मोटार, गाड्या यांचा आवाज मायकमधून पुढे कमी जावा म्हणून ती काम करते. आपल्या कानाला येणारा बाहेरचा आवाज तिने कमी होत नाही.

एएनसी ही सोय आपल्या कानासाठी असते. बडमधला छोटा मायक बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या नेमकी उलटी ध्वनिलहर तयार करून कानात सोडतो. दोन्ही लहरी एकमेकींना मारतात आणि आवाज दबतो. एसटीच्या इंजिनाची घरघर, पंख्याचा आवाज, गिरणीचा एकसुरी आवाज यावर ती चांगली चालते. अचानक वाजलेला हॉर्न, कुत्र्याचं भुंकणं, माणसांचं बोलणं यावर तिचा परिणाम तितका नसतो.

स्वस्त जोडीच्या खोक्यावर 'नॉइज कॅन्सलेशन' असं मोठ्याने छापलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात ईएनसी असतं. घेणाऱ्याला वाटतं आता बाहेरचं काही ऐकू येणार नाही, आणि घरी आल्यावर निराशा होते. ज्याचं काम मुख्यतः फोनवर बोलण्याचं आहे, म्हणजे बाजारभाव विचारणं, व्यापाऱ्याशी बोलणं, मजुरांना निरोप देणं, त्याला ईएनसी पुरेशी आहे. एएनसीसाठी जास्त पैसे मोजायचे ते रोज एसटीने किंवा रेल्वेने लांबचा प्रवास असेल, किंवा गोंगाटात बसून अभ्यास करायचा असेल तरच.

एएनसीच्या जोडीला काही बड्समध्ये उलटी सोयही असते. तिला ट्रान्सपरन्सी किंवा अँबियंट मोड म्हणतात. ती चालू केली की बाहेरचा आवाज मायकमधून मुद्दाम कानात सोडला जातो. बड न काढता कंडक्टरशी किंवा घरातल्या माणसांशी बोलता येतं. रोजच्या वापरात ही सोय एएनसीइतकीच कामाची.

पाणी, घाम आणि फुफाटा

आयपीच्या पुढे दोन जागा असतात. पहिली धुळीसाठी, दुसरी पाण्यासाठी. जिथे 'एक्स' लिहिलेला असतो तिथे त्या गोष्टीची चाचणी नोंदवलेली नाही असा अर्थ.

- आयपीएक्स ४: कुठल्याही बाजूने उडालेले शिंतोडे आणि घाम चालेल. धुळीबद्दल काही सांगितलेलं नाही.
- आयपीएक्स ५: पाण्याची हलकी धार चालेल.
- आयपी ५५: पाण्याची धार चालेल आणि धुळीपासूनही बऱ्यापैकी बचाव.
- आयपीएक्स ७: १ मीटर खोल गोड्या पाण्यात ३० मिनिटांपर्यंत.

शहरात आयपीएक्स ४ पुरतं. खेड्यात मात्र मळणी, पाचटाचा भुगा, उन्हाळ्यातला रस्त्यावरचा फुफाटा यांचा मारा पाण्यापेक्षा जास्त असतो. म्हणून पहिल्या जागी एक्सऐवजी ५ किंवा ६ असेल तर ते आपल्या कामाचं. हा आकडा बहुतेक वेळा फक्त बड्सचा असतो, डबीचा नसतो. ओले बड डबीत ठेवले तर चार्जिंगच्या पिना गंजतात. आधी कोरड्या फडक्याने पुसावेत.

फवारणी करताना मात्र कानात काहीही घालू नये. औषधाचा हात कानाला लागतो, तेच औषध बडच्या रबराला चिकटतं आणि पुढे तासन् तास कानात बसतं. इथे कुठलाही आयपी आकडा कामाचा नाही.

जोडणी: डबी उघडली की लागले पाहिजेत

चांगल्या जोडीची खूण ही की एकदा फोनला जोडल्यावर पुढच्या वेळी डबीचं झाकण उघडलं की आपोआप जोडली जाते. दर वेळी सेटिंगमध्ये जावं लागत असेल तर वापर हळूहळू बंदच पडतो.

ज्यांच्याकडे दोन फोन आहेत, किंवा मोबाईल आणि लॅपटॉप दोन्ही आहेत, त्यांनी मल्टिपॉइंट किंवा 'ड्युअल पेअरिंग' ही सोय विचारावी. तिने बड्स एकाच वेळी दोन उपकरणांना जोडलेले राहतात. लॅपटॉपवर तास चालू असताना फोन आला तर तिथूनच उचलता येतो. पण काही कंपन्या नुसतं 'दोन फोन लक्षात ठेवतो' यालाही ड्युअल म्हणतात. दुकानातच दोन फोन जोडून बघितले की खरं-खोटं कळतं.

ब्लूटूथचा पल्ला साधारण १० मीटर धरावा, तोही मधे अडथळा नसताना. भिंत, पत्र्याचं शेड, इतकंच काय माणसाचं अंगही तो कमी करतं. फोन घरात ठेवून गोठ्यात गेलं तर आवाज तुटणारच. त्यात बड्सचा दोष नाही.

एकाच घरात दोघातिघांकडे सारखेच बड्स असतील तर फोनच्या ब्लूटूथ यादीत जाऊन नावं बदलून घ्यावीत. नाहीतर भावाच्या कानात आपला फोन वाजतो.

कानातून काढलं की थांबणं, हरवलं तर शोधणं

महागड्या जोडीत 'इन-इअर डिटेक्शन' असतं. बड कानातून काढला की व्हिडिओ आपोआप थांबतो, पुन्हा घातला की सुरू होतो. सोय छान आहे, बॅटरीही वाचते. पण तेवढ्यासाठी हजारभर रुपये जास्त द्यावेत अशी ती नाही.

'फाइंड माय बड्स' या सोयीबद्दल गैरसमज जास्त. अ‍ॅपमधून बटण दाबलं की बडमधून टीं-टीं आवाज येतो, पण बड फोनच्या पल्ल्यात आणि चालू असेल तरच. पल्ल्याबाहेर असेल तर बहुतेक अ‍ॅप फक्त शेवटचं कनेक्शन कुठे तुटलं ती जागा दाखवतात. बडची चार्जिंग संपली असेल किंवा तो बंद डबीत असेल तर साध्या जोडीत आवाज येत नाही. एक बड हरवला तर कंपनी सुटा एक बड देते का, केवढ्याला देते, हे घेतानाच विचारून ठेवावं.

ओठ आधी, आवाज मागून

व्हिडिओ बघताना माणसाचे ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो, याला लेटन्सी म्हणतात. वायरशिवाय आवाज पाठवताना थोडा उशीर होतोच. यूट्यूबसारखी अ‍ॅप तो बऱ्यापैकी सांभाळून घेतात. गेम खेळताना मात्र तो जाणवतो. 'लो लेटन्सी' किंवा 'गेम मोड' हा त्यासाठी. गेम न खेळणाऱ्याने या शब्दासाठी एक रुपयाही जादा देऊ नये.

एक कान मोकळा ठेवा, ही सगळ्यात मोठी सोय

आपल्याकडे शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री असते. रात्रीच्या पाळीला माणूस एकटा वावरात पाणी धरतो, सोबतीला गाणी किंवा कीर्तन लावतो. पण दोन्ही कान बंद असले की मोटारीचा बदललेला आवाज कळत नाही, पाईप फुटल्याचं कळत नाही, फुरसं-घोणस फुत्कारल्याचं कळत नाही. जुन्नर, संगमनेर, अकोले, राहुरी या ऊसपट्ट्यात तर बिबट्याचा वावर आहे. उसात झालेली खसखस आणि कुत्र्यांचं भुंकणं हीच तिथे पहिली सूचना असते. ती कानावर पडलीच पाहिजे.

म्हणून घेताना तपासा: एकच बड डबीतून काढला तर तो एकटा चालतो का? डावा आणि उजवा दोन्ही स्वतंत्र चालतात का? चालत असतील तर रात्री एकच घाला, दुसरा डबीत चार्जिंगला ठेवा. बॅटरी दुप्पट पुरते आणि एक कान जागा राहतो.

रस्त्यावर तर हे आणखी महत्त्वाचं. हातात मोबाईल धरून गाडी चालवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर धोकादायक चालवणं म्हणून धरलं जातं. पहिल्याच गुन्ह्याला १ हजार ते ५ हजार रुपये दंड किंवा कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बड्समुळे हात मोकळे राहतात म्हणून आपण सुटलो असं कुणी समजू नये. मागून उसाची ट्रॉली हॉर्न देत आली आणि ऐकू आली नाही, तर दंडाची पावती ही लहान गोष्ट ठरते. मोटारसायकलवर आणि ट्रॅक्टरवर बड्स काढून ठेवावेत. फोन आलाच तर गाडी बाजूला घेऊन बोलावं.

कान एकदाच मिळतात

जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतं. आवाज ९० डेसिबल झाला की हीच मर्यादा आठवड्याला ४ तासांवर येते. गोंगाटात माणूस नकळत आवाज वाढवत जातो आणि धोका तिथेच आहे. फोनचा आवाज ६० टक्क्यांच्या खाली ठेवावा. बड काढल्यावर कानात गुंई-गुंई होत असेल तर आवाज जास्त झाला असं समजावं. ती थांबतच नसेल किंवा कमी ऐकू येऊ लागलं तर कानाच्या डॉक्टरला दाखवावं.

कान वाहत असेल तर बड्स घालूच नयेत. एकमेकांचे बड्सही वापरू नयेत, कानाचा संसर्ग एकाचा दुसऱ्याला होतो. आठवड्यातून एकदा रबर काढून पुसावं. कानातला मळ जाळीत अडकला की आवाज कमी होतो आणि माणूस बड्स बिघडले म्हणून दुकान गाठतो.

कुणाला काय सोयीचं?

- दिवसभर शेतात आणि फोनवर जास्त बोलणं: नेकबँड, दाबायचं बटण, ईएनसी, धुळीचा आकडा असलेला आयपी.
- दूध, भाजी, दुकान असा धंदा: एकेक बड स्वतंत्र चालणारी जोडी, आपोआप जोडणी, चांगला मायक.
- कॉलेजचा रोजचा एसटी प्रवास: बजेट असेल तर एएनसी आणि ट्रान्सपरन्सी मोड.
- ऑनलाइन तास आणि स्पर्धा परीक्षा: मल्टिपॉइंट, सलग ६ तासांपेक्षा जास्त बॅटरी, कानाला न टोचणारं रबर.
- घरातली वयस्कर माणसं: मोठं बटण असलेला नेकबँड किंवा साधा वायरचा हेडफोन. वायरवाल्याला चार्जिंग लागत नाही, जोडणीही लागत नाही. फक्त फोनला गोल पिनेची जागा आहे का ते बघा.

पैसे देण्याआधी दुकानातच पाच मिनिटं

१. तीन मापांची रबरं लावून बघा. मान जोरात हलवा, खाली वाका. पडतात का?

२. दुकानाबाहेर रस्त्यावर उभं राहून घरी फोन लावा. "आवाज नीट येतो का?" हे समोरच्याला विचारा. मायकची खरी परीक्षा हीच.

३. बोट ओलं करून टच लागतो का ते बघा.

४. एकच बड काढून चालवून बघा, मग दुसरा.

५. खोक्यावर बीआयएसची खूण, आयएस क्रमांक आणि 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. हा क्रमांक 'बीआयएस केअर' या सरकारी अ‍ॅपमध्ये टाकला की खरा आहे का ते तपासता येतं. नामांकित कंपनीच्या नावाचा नकली माल ओळखायला याची मदत होते.

पक्कं बिल घ्याच. बिलाशिवाय वॉरंटीचा दावा करणं अवघड जातं. सर्व्हिस सेंटर तालुक्याला आहे, जिल्ह्याला आहे की कुरिअरने पाठवावं लागतं, हे विचारा. दोनशे रुपये वाचवून दुरुस्तीसाठी दोन वेळा जिल्ह्याला हेलपाटे घालावे लागले तर तो सौदा महागच पडतो. ऑनलाइन मागवत असाल तर माल परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते आधी वाचा आणि खोकं उघडताना व्हिडिओ काढून ठेवा. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

जुने, बंद पडलेले बड्स चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. आतली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर किंवा जुना माल परत घेणाऱ्या दुकानात द्या, आणि तोवर लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवा.